बोरबनाची पारख

आमच्या राहू गावात दोन गोष्टींवर कुनी शंका घेत नव्हतं. येक माजी जीभ, दुसरी माजी अक्कल. जिभंवर शंका घ्यायला जागाच नव्हती. आन् अक्कल हाय असं कुनी म्हनलंच नव्हतं, तर शंका कशाची घेनार?

जिभंचं म्हंजी असं. मी गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काईलीत उकळत आसतो, तवा काईल चुलवानावरनं कवा उतरायची ते सांगनारा मानूस म्हंजी गुळव्या. लवकर उतरली तर गुळाची ढेप बसत न्हाई, उशीर झाला तर माल करपतो. मी उलथन्यावरचा थेंब जिभंवर घ्यायचो आन् सांगायचो, उतरा. न्हाईतर सांगायचो, थांबा. शाळंत मी येकदाच गेलतो, ते बी आमची शेळी आत शिरली व्हती म्हनून. पर गुळाच्या बाबतीत आपला शब्द म्हंजी शब्द. पार कवठं येमाईपातूर बोलवनं यायचं.

मानूस आशानंच बिघडतो. आधी गूळ चाखला, मंग लोकांचं ताक चाखून सांगाय लागलो, मंग हिरीचं पानी. वरवंडाला येका सोयऱ्याच्या लग्नात आमटी चाखली आन् भर पंगतीत सांगितलं की शेंगदाना खवट हाय. (नव्हता. पर पंगत उठली. त्या सोयऱ्याकडं आमी आजून जात न्हाई.)

मोठा दुष्काळ हटून दोनेक वर्सं झाली आसतील. गुऱ्हाळाचा हंगाम जोरात व्हता. दुपारच्या पारी माजा मेव्हना नामा यष्टीतनं उतरून थेट गुऱ्हाळावर आला. नामा म्हंजी माज्या बायकूचा, हौसाचा, धाकटा भाऊ. दौंडाला रेल्वेत फायरमन. हातात पिशवी, पिशवीत मेथीच्या जुड्या, आन् कपाळाला ह्यो घाम.

म्या म्हनलं, "मेथी येवढी जड हाय का रं?"

त्यानं इकडंतिकडं बगितलं, मेथी बाजूला सारली आन् खालनं टावेलात गुंडाळलेली बाटली काढली.

त्या टायमाला दारूला परमीट लागायचं. बिगरपरमिटाची बाटली म्हंजी हवालदाराला जेवायचं आवतनच. आन् नामा आसला की ताडीचं झाड लांबनं बगितलं तरी ह्येला घेरी यायची. म्या इच्यारलं, लेका, तू कवापसनं सुरू केलं? तवा त्यानं सगळी कथा सांगितली.

त्याच्या इंजनावरचा म्हातारा डायव्हरसाहेब बायकूला घिऊन कायमचा आस्टेलियाला निघाला व्हता. रंगानं आर्धा हितला, आर्धा तिकडचा, पर मानूस लाख. नामाला त्यानंच साफसफाईवरनं फायरमन केलता. जाताना त्यानं घरातलं सामान वाटलं. कुनाला खुर्ची मिळाली, कुनाला पोपटाचा पिंजरा. नामाला मिळाली ही बाटली. लढाईच्या टायमाला कुना अमेरिकन सोल्जरनं साहेबाच्या बापाला दिलेली. दर नाताळाला बाप आन् लेक मिळून येक येक थेंब जिभंवर घ्यायचे, बास. साहेब म्हनला, नामा, ह्ये लाकडाच्या पिपात म्हातारं झालेलं हाय, लई दुर्मिळ हाय, कुना येऱ्यागबाळ्याला दिऊ नगंस.

"नाव काय म्हनलास तिचं?"

नामा सातवी शिकलेला. बाटलीवर बोट फिरवत वाचलं त्यानं. "बोर... बन."

"बोराची हाय व्हय? म्हंजी साहेबाच्या मुलखात बी बोरी हायती."

"न्हाई दाजी. मक्याची करत्यात म्हनं."

आता सांगा. मका म्हंजी म्हसरांना घालायचा. आन् मक्याचं करून नाव बोरीच्या बनाचं ठिवायचं? मला तितंच मालाची शंका आली.

पर खरी गोष्ट बाटलीची नव्हतीच. खरी गोष्ट शिलाईमशीनीची व्हती.

हौसा आन् नामा दौंडालाच वाढले. त्यांची आई त्याच साहेबाच्या घरी मडमिनीच्या हाताखाली काम करायची. तिथं मडमिनीची पायमशीन व्हती. हौसा ल्हानपनी त्या मशीनीखाली बसून पायटा हालवायची, मोठी झाल्यावर वर बसून शिवाय शिकली. लगीन होऊन राहूत आली ती हातशिलाईवर. निम्म्या आळीच्या चोळ्या ती सुईनं शिवायची, बोटांची चाळन झालेली. आन् आता साहेबाचं उरलंसुरलं सामान शिरूरच्या येका हाटेलवाल्या शेठनं येकगठ्ठा घेतलं, त्यात ती मशीन बी गेली. शेठच्या हाटेलाला परमीट व्हतं आन् त्याला जुन्या दारूचा लई नाद. नामाकडं बाटली हाय म्हनल्यावर तो म्हनला, बाटली दे, मशीन घे. पर येक अट घातली. साहेबाचा खानसामा लई हुशार व्हता, घोट काढून पानी भरनारा. तवा आधी पारख. पानी निघालं तर मशीन आल्या जीपनं माघारी.

"आक्का, मशीन तुला," नामा चरकाजवळ बसलेल्या हौसाला म्हनला. "शेठ आज दिस बुडायच्या आत येतोय मशीन घिऊन."

हौसा उठली, घराकडं गेली आन् खिडकीजवळचा कोपरा सारवून आली. त्या कोपऱ्यात माजी बाज व्हती. ती अंगनात काढली. आपन कुठं झोपायचं, ह्ये इच्यारायचं माजं धाडस झालं न्हाई.

नामाला खरी धास्ती खानसाम्याची व्हती. शेठम्होरं पानी निघालं तर आक्काचं तोंड कसं बगायचं? तवा तो मला म्हनला, दाजी, तुमची जीभ नावाजलेली, तुमी आधी चाखा. म्हंजी कळंल तरी.

आता मी काय नको म्हननार व्हतो?

नामानं बाटलीचं टोपान दिलं. म्या म्हनलं, टोपनातनं पारख जमत न्हाई आपल्याला. आपली जीभ उलथन्याशिवाय बोलत न्हाई. (उलथनं म्हंजी काईल ढवळायचं. फावड्यापेक्षा ल्हान, पर लई न्हाई.) वतली त्याच्यावर. जिभंवर घेतली.

पहिल्यांदा इस्तू. मंग गूळ. मंग जळकं लाकूड.

म्या डोळं मिटून निकाल दिला, "करपलंय. काकवी खाली लागलीया. गुळव्या झोपला व्हता ह्येंचा. ह्येला कुनी कोंबडीचं पिल्लू देनार न्हाई."

हौसाचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. नामा म्हनला, दाजी, साहेब सांगायचा, ते पीप आतनं जाळून घेत्यात म्हनून तशी चव येती. म्या म्हनलं, पीप जाळल्यावर माल ठिवायचा कशात? पर बायकूच्या तोंडाकडं बगून परत येकदा उलथनं म्होरं केलं. पारख घाईत करू नी.

दुसऱ्यांदा जाळ जरा कमी वाटला. म्हनलं, कोंबडी यील. अंड्यावरची.

तिसऱ्यांदा मला त्यात गूळ लागला, वेलदोडा लागला, आन् कुठनंतरी चिचंचं पन्हं लागलं. म्हनलं, शेळी. दूध देनारी.

चवथ्यांदा मी इच्यारलंच न्हाई, बाटली हातातनं घेतली आन् वतली. "नामा," म्या म्हनलं, "ह्ये मशीनीच्या बदली देनं म्हंजी लूट हाय. म्हस तर कुठंच जात न्हाई. तू ट्रॅक्टर माग."

नामा बाटलीवर बोट ठिवून माल कुठवर खाली आलाय ते बगत व्हता. त्याचं बोट बी खाली यिऊन यिऊन थकलं. हौसानं माज्या हातातनं उलथनं काढून घेतलं.

"पानी हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"पानी?" म्या म्हनलं. "हौसा, पानी तर ह्यात नावाला न्हाई. पानी सगळं माज्या डोळ्यात आलंय." आन् खरंच रडाय लागलो. कशापायी ते आजून कळलं न्हाई.

आन् तेवढ्यात आबा आले.

आबा म्हंजी माजे वडील. गळ्यात तुळशीची माळ. गावात कुनी पिऊन समोरनं आला तर ह्ये घरी यिऊन आंगूळ करनार. चुकून थेंब पोटात गेला तर आन्न सोडतील आशी आमाला सगळ्यांना खातरी. आन् त्यांना चुलवानाच्या धुरानं बारमाही खोकला. त्यांनी बाटली बगितली.

"काय हाय रं म्हादा त्ये?"

हौसानं पदर तोंडाला लावला. नामा आंगावर इंजान आल्यावानी आबांकडं बगत उभा. म्हनलं, घराची लाज आपल्यालाच राखली पायजेल.

"बोराचं हाय आबा. बोरबन. औषिद."

"खोकल्याला चालतंय?"

"खोकल्यालाच हाय," म्या म्हनलो. कशाला म्हनलो? कोन इच्यारतंय!

आबांनी हात म्होरं केला. "दे मंग चमचाभर."

माज्या पोटातला सगळा ट्रॅक्टर खाली उतरला. आबांच्या माळंचा सवाल व्हता. म्या घाईघाईनं सांगितलं की आबा, ह्ये कच्चं हाय. आसंच घ्यायचं नसतंय. आधी उकळाय लागतंय.

आता ध्यान द्या. आमी उभं कुठं व्हतो? गुऱ्हाळावर. म्होरं काय व्हतं? चुलवान. पेटलेलं.

आबा म्हनले, मंग उकळाय काय मुहूर्त बगायचाय? आन् मी हां हूं करस्तवर त्यांनी बाटली घेतली, पातेल्यात चांगली भाकरीयेवढी पसरंल आशी वतली आन् पातेलं न्हिऊन चुलवानाच्या तोंडाशी ठिवलं. बाटली हौसानं कशीतरी परत हातात घेतली.

नामा माज्या कानात पुटपुटला, दाजी, ते उकळू दिऊ नगा. म्या म्हनलं, उकळू दे की, उडून जाईल, आबा वाचतील. मनात म्हनलं, किती सोपी युगत काढली आपन! आन् पातेल्यातनं बुडबुडं आल्याबरूबर मी सवयीनं वाकलो. गुळव्याला उकळतं भांडं दिसलं की तो वाकनारच. पाकाला तार आली का बगाय लागतंय ना!

भप्प.

निळा जाळ, उभ्या मानसायेवढा. पुरसभर. आसला जाळ म्या जलमात बगितला नव्हता, आन् माज्या मिशीनं तर न्हाईच न्हाई. डाव्या बाजूची मिशी व्हती तिथं नुसता वास राहिला. मी मागं उडालो तो पातेल्याला लाथ बसली, आन् पातेलं पेटल्यापेटल्या गेलं ते चिपाडाच्या ढिगाकडं. चिपाड म्हंजी रस काढलेला वाळका ऊस, त्येला नुसतं रागानं बगितलं तरी पेटतंय.

म्या वरडलो, "नामा! तू फायरमन हायेस ना, काय तरी कर!"

आन् नामानं केलं. फावडं उचललं, पाय रोवला आन् आगीत चिपाड मारलं. येक फावडं, दुसरं फावडं, कसं सपासप. चुकी माजीच. रेल्वेचा फायरमन आग इझवत नसतो, वाढवत आसतो. त्या बिचाऱ्याला घाबरल्यावर जे हाताला ठावं व्हतं ते त्यानं केलं. आनखी जरा येळ गेला आसता तर गुऱ्हाळ वाफ धरून पुन्याला निघालं आसतं.

हौसा कुठाय म्हनून बगतो तर ती लांब बांधावर उभी. नवरा पेटलाय, सासरा खोकतोय, भाऊ आगीला जेवू घालतोय, आन् ही बाटली पदरात गुंडाळून बांधावर. तिथनंच वरडली, "रस वता की, रस!"

आबांना ऐकू आलं ते तेवढंच. चरकातनं निघालेला ताजा रस पिंपात भरून ठिवलेला व्हता. आबांनी बादलीवर बादली मारली. येक आगीवर, येक नामावर, येक माज्यावर. आग इझली. आमी तिघं पाकातल्या पुरीवानी निथळत उभं. आन् माश्या आल्या. तालुक्यातल्या सगळ्या आल्या आसतील.

आबा माज्याकडं बगत म्हनले, "पोराला धुरानं घेरी आली जनू. उभं ऱ्हाता यीना."

"व्हय आबा," म्या म्हनलो, "धूरच हाय."

आन् त्याच येळंला बांधावरनं जीप आली.

शेठ खाली उतरला. पांढरं धोतर, पांढरी टोपी. मागं जीपमदी ती मशीन. हौसानं जीपमदी वाकून मशीन बगितली, आन् ल्हानपनीची मैतरीन यष्टीतनं उतरावी तसा तिचा चेहरा झाला. शेठनं इझलेलं चिपाड बगितलं, काळं पातेलं बगितलं, मला बगितलं. इच्यारलं, काय झालं हितं? माल कुठाय?

हौसानं बाटली म्होरं केली. शेठनं उन्हात धरली.

"निम्मीच?"

कुनी बोलंना. आन् जिथं कुनी बोलत न्हाई तिथं मी बोलतो. छाती काढून म्होरं झालो आन् सांगितलं की शेठ, निम्मी आसली तरी मशीन चालनार न्हाई. ट्रॅक्टर पायजेल. नांगरासकट.

शेठनं नामाकडं बगितलं. मंग टोपी सारकी केली आन् वळला जीपकडं. खरंच वळला. डायव्हरला म्हनला, चल, काढ गाडी.

हौसाचा हात माज्या छातीवर आला आन् मी चिपाडाच्या ढिगात उताना. तिनं मला ढकललं का मीच पडलो, ह्ये आजूनबी आमच्यात मिटलेलं न्हाई. मला उठता काय आलं न्हाई. फुडचं सगळं म्या पडल्या पडल्या ऐकलं.

शेठचा पाय जीपमदी, आन् तेवढ्यात आबा तावातावानं गेले त्याच्याकडं. त्यांना वाटलं ह्योच त्यो औषिद इकनारा. म्हनले, आवो, कसलं बोराचं औषिद देता तुमी? उकळाय ठिवलं तर पेटलं की!

शेठ थांबला. "पेटलं?"

"पेटलं म्हंजी? निळा जाळ निघाला, पुरसभर. माज्या पोराची मिशी बगा."

शेठ माघारी आला. माज्याजवळ बसला, वाकला आन् माजी उरलेली मिशी हुंगली. देवाशपथ हुंगली. मंग पातेलं हुंगलं. मंग बाटलीतला थेंब टोपनात घेतला, जिभंवर ठिवला आन् डोळं मिटलं. हौसानं नामाचं मनगट धरलं व्हतं, ते नामा कळवळला तरी सोडंना. शेठचं डोळं काय उघडंनात. माश्यांनी सुदिक आवाज बंद केला आसं मला वाटलं.

"जरा करपल्यावानी लागतंय," शेठ हळूच म्हनला.

 म्या मनात म्हनलं, आरं देवा, ह्यो बी माज्याच जातीचा पारखी निघाला.

"तेच तर पायजेल," शेठ म्हनला, आन् डोळं उघडलं तर त्यात पानी. "पानी घातलेलं आसतं तर येवढ्या जाळानं पेटलंच नसतं. खानसाम्यानं हात लावलेला न्हाई. माल अस्सल हाय." मंग परत बाटली उन्हात धरली. "पर निम्मीच हाय."

आन् हौसा बोलली.  "मशीनीची वादी बी तुटलेली हाय शेठ. जीपमदी वाकून बगितलं म्या. सुई बी न्हाई. तुमची निम्मी, आमची निम्मी."

शेठ हसला. आसा हसला की जीपमदला डायव्हर बी हसला. म्हनला, उतरा मशीन.

नामा आन् डायव्हरनं मशीन उतरवली. आबांनी ती घरात न्ह्यायला वाट दावली. जाता जाता ते दोनदा दम घिऊन थांबले, छातीवर हात फिरवला आन् म्हनले, मोकळं वाटतंय की रं! (पुढं कैक वर्सं ते सांगायचे की बोराचा धूर खोकल्याला लई गुनाचा. पोटात थेंब गेला नव्हता, माळ शाबूत व्हती, आमी काय बोललो न्हाई.) हौसा मशीनीच्या मागं मागं चाललेली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसत. माज्याकडं तिनं बगितलं सुदिक न्हाई.

शेठनं बाटली कापडात गुंडाळली आन् जीपकडं निघाला. जाताना माज्या पायात अडखळला. तवा त्याला माजी आठवन झाली.

"बाई," त्यानं हौसाला हाळी दिली, "आन् ह्येचं काय करायचं? जीपमदी मशीनीची जागा रिकामी झालीया. ह्येला घिऊन जाऊ का?"

हौसा थांबली. मागं वळली. आन् मी जसा गूळ बगतो तसं तिनं मला बगितलं, वरनं खालपातूर, सावकाश. आर्धी मिशी, आंगावर रस, रसावर माश्या.

"न्हाई शेठ," ती म्हनली. "बाहीर ह्येला कुनी उचलनार न्हाई. घरात वापरायला हाय तसा बरा."

म्या डोळं मिटून घेतलं आन् जीवात जीव आला. म्हनलं, आपल्या बदली कोंबडीचं पिल्लू बी न्हाई आलं, पर ठिवून तर घेतलं!